सूर्यभान चहा पीत नाहीत

राजेश्रीचं बोलणं आटलं हे गावात सगळ्यांत आधी अंगणवाडीतल्या पोरांना कळलं. ती तिथं मदतनीस. पोरांना घरोघर जाऊन गोळा करायचं, खिचडी शिजवायची, ताटल्या घासायच्या. आधी वाढता वाढता प्रत्येकाला तिचं काही ना काही बोलणं असायचं. "आज लय शहाणा दिसायलास रं, मार खाऊन आलास काय?" असं ती म्हणाली की पोरगं तोंडातला घास तसाच ठेवून हसायचं. मग तिचा नवरा गेला. दिवस झाले, ती कामावर परत आली. खिचडी तशीच मऊ, ताटल्या तशाच लख्ख, पण वाढणारी बाई मुकी. पोरं पातेल्याकडं बघायची, मग तिच्या तोंडाकडं बघायची. पुढं त्यांना सवय झाली. मोठ्या माणसांना तर त्याच्याही आधी झाली होती.

गाव पालमपासून जवळच, जीपनं यायचं नि जायचं. घरात दोघीच, राजेश्री आणि सासू तानुबाई. लेकरूबाळ झालं नाही. नवरा सूर्यभान मोटारी भरायचा. म्हणजे विहिरीवरची, बोअरमधली पाण्याची मोटार जळाली की आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळून द्यायचा. उन्हाळ्यात त्याला जेवायला सवड नसायची. तापाचं निमित्त झालं, परभणीला नेईपर्यंत ताप डोक्यात गेला. आता त्या गोष्टीला तीन वर्षं होत आली. त्याचे पाने, पकडी, तारेची रिळं यांची पिशवी अजून दाराच्या खुंटीला आहे. दोघींपैकी कुणी ती काढत नाही आणि तिच्याविषयी बोलतही नाही.

अंगणवाडीच्या सेविकाबाई येत्या उन्हाळ्यात निवृत्त व्हायच्या होत्या. मदतनिसाला त्या जागेवर घेतात, पण बारावी पास पाहिजे. राजेश्री दहावी झाली आणि मांडवात उभी राहिली होती. सेविकाबाईंनीच तिला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला, म्हणजे घरी अभ्यास करून परीक्षेला बसायचं.

"माझ्या माघारी ह्या लेकरांपुढं परकी बाई नको," त्या म्हणाल्या. "तुला सगळ्यांची रडगाणी ठाऊक हायेत. फक्त इंग्रजीचं तेवढं बघ."

बाकीचे विषय मराठीतून, ते ती वाचून काढणार होती. इंग्रजीच्या लेखी पेपरातही घासूनपुसून काठावर पोहोचली असती. पण त्याच्या आधी तोंडी परीक्षा. परीक्षकासमोर खुर्चीवर बसायचं आणि इंग्रजीत बोलायचं. लेखीत जे कमी पडतील ते गुण तोंडीनंच भरून काढायचे होते. जी बाई मराठीत बोलेना ती इंग्रजीत काय बोलणार, हा सेविकाबाईंना घोर होता. राजेश्रीलाही होता. ती फक्त बोलून दाखवत नव्हती.

पालमला बसम्मांच्या घरी ओसरीवर शिकवणी निघाली होती. बसम्मांची लेक स्वप्ना लातूरला बी.एड. करून आलेली, नोकरीची वाट बघत होती. सतरा नंबरच्या चौघी बायका तिच्याकडं दुपारी यायच्या. बसम्मा कपाळाला विभूती लावून तिथंच कडेला तूर निवडत बसायच्या आणि मधूनमधून कुणी न विचारता मत द्यायच्या.

पहिल्यांदा स्वप्नानं शब्द पाठ करायला दिले. राजेश्री पाठ करायची, रात्री म्हणून बघायची, दुसऱ्या दिवशी ओसरीवर आली की एकही शब्द जाग्यावर नसायचा. स्वप्ना रागवायची नाही. एक दिवस तिनं फोन काढला.

"आपण एआयला सांगू," ती म्हणाली. "हे ॲप हाय ना, याला जे सांगंल ते लिहून देतं. प्रत्येकीसाठी वेगळी गोष्ट करून घेऊ. तुमच्या घरातली. घरातले शब्द ध्यानात राहतात."

"फोनला आमचं घर काय ठाऊक?" एकीनं विचारलं.

"आपण सांगायचं. न्हाई सांगितलं तर ते मनानंच रचतं."

आणि तसंच झालं. स्वप्नानं सगळ्यांची फॉर्मवरची पूर्ण नावं फोनला सांगितली, गाव सांगितलं, सोप्या इंग्रजीत घरची संध्याकाळ लिही म्हणाली. आपल्याकडं बाईच्या नावामागं नवऱ्याचं नाव लागतं, ते त्या फोनला बरोबर कळलं. नवरा जिता आहे का नाही, हे नावावरून कुणाला कळणार? स्वप्नाही लातूरहून नवी आलेली, तिलाही ठाऊक नव्हतं. राजेश्रीच्या कपाळाला टिकली होती. ती तानुबाईंनीच पुन्हा लावायला लावली होती.

राजेश्रीची पाळी आली. तिनं फोन हातात घेतला आणि अक्षर अक्षर जोडत वाचायला लागली. 'राजेश्री इज ॲट होम. शी लाइट्स द लॅम्प.' मग थांबली.

"पुढं नाव हाय ताई, सोपं हाय," स्वप्ना म्हणाली. "वाचा की."

राजेश्रीनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"अगं तिला नाव घ्यायची लाज वाटायली असंल," बसम्मा तूर पाखडत म्हणाल्या. "उखाणा घालून घे माय, मग निघंल."

बाकीच्या हसल्या. राजेश्री हसली नाही, पण रागावलीही नाही. बायकांनी नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, हळदीकुंकवाला, चार जणींच्या आग्रहानं. नवरा गेला की उखाणाही जातो. मग ते नाव आधार कार्डावर राहतं, रेशन कार्डावर राहतं, पण तोंडात यायचं त्याला कारणच उरत नाही. गावातले लोक तर तिच्यासमोर ते नाव चुकूनही घेत नसत. तिला दुखू नये म्हणून.

"वाचते," ती म्हणाली.

'सूर्यभान कम्स होम. ही इज टायर्ड. राजेश्री गिव्ज हिम टी. ही ड्रिंक्स टी अँड स्माइल्स.'

वाचून झालं. तिनं फोन मांडीवर ठेवला.

"ते चहा पीत न्हाईत," ती म्हणाली.

"काय?"

"चहा. कधीच न्हाई. दूध पितात, गूळ घालून."

स्वप्नाला एवढं मोठं वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. तिनं ती संधी सोडली नाही. "मग सांगा त्या फोनमधल्या बाईला. चुकलीस म्हणा. पण इंग्रजीत."

राजेश्रीनं फोनकडं बघितलं, जशी ती खोडकर पोराकडं बघते तशी. "नो टी," ती म्हणाली. "मिल्क. गूळ... गुळाला काय म्हणतात?"

"जॅगरी."

"मिल्क अँड जॅगरी."

फोननं लगेच गोष्ट दुरुस्त करून दिली. सूर्यभान घरी आला, दूध नि गूळ प्याला. दुसऱ्या दिवशी राजेश्री ओसरीवर आली तेव्हा 'जॅगरी' हा शब्द जाग्यावर होता. लॅम्पही होता, टायर्डही होता.

तिथून पुढं शिकवणीची तऱ्हाच बदलली. फोनमधली बाई गोष्ट रचायची आणि ह्या चौघी तिच्या चुका काढायच्या. ज्यांचे नवरे घरी खुशाल होते त्यांनी तर फारच मजा केली. एकीनं 'हजबंड वॉशेस द व्हेसल्स' असं लिहून घेतलं आणि नवऱ्याला दाखवते म्हणाली. "दाखव, म्हणजे तो तुझी शिकवणी बंद करंल," बसम्मा म्हणाल्या.

राजेश्री मात्र मन लावून चुका काढायची. एकदा स्वप्नानं चित्र काढून मागितलं तर फोननं कोटातला, हातात कातडी बॅग धरलेला गोरागोमटा माणूस काढला. राजेश्री बराच वेळ बघत राहिली. "हे कोण तालेवार आलेत?" ती म्हणाली, आणि चौघी खो खो हसल्या. मग तिनं एकेक सांगायला घेतलं. कोट नाही, शर्ट, बाह्या दुमडलेल्या. बॅग नाही, कापडी पिशवी. डोक्याला रुमाल. हाताला काळं ग्रीस. नखाखाली तांब्याची बारीक चूर. प्रत्येक गोष्टीला शब्द लागायचा आणि तो ती मागून घ्यायची. स्लीव्ह, क्लॉथ, कॉपर, वायर, नेल. चित्र काही सूर्यभानसारखं झालं नाही. कोट गेला, चेहरा तोच राहिला. पण शब्द तिच्याकडंच राहिले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बसम्मांना कुणी तरी सांगितलं. त्या भाजीची पिशवी न ठेवताच लेकीजवळ गेल्या.

"ती राजेश्री हाय ना, सूर्यभान मोटारवाल्याची बायको हाय ती. तो वारला की गं. लय दिवस झाले."

स्वप्ना खाली बसली. जिवंत माणसासारखं आपण त्या बाईकडून रोज त्याला घरी आणवलं, दूध पाजवलं, आणि वर चुका काढायला लावल्या, ह्या विचारानं तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं राजेश्रीसाठी वेगळीच गोष्ट करून ठेवली. राजेश्री, तिची सासू आणि एक शेळी. शेळी कोबी खाते, सासू हसते. राजेश्रीनं गोष्ट वाचली. एक चूक काढली नाही. परत वाचायला सांगितलं तर शब्द अडखळायला लागले. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "मॅडम, आज हे न्हाईत का?"

बाकीच्या जणी निघून गेल्या तेव्हा स्वप्ना तिच्याजवळ सरकली. "ताई, मला ठाऊक नव्हतं. माफ करा. मी असं कधीच..."

"तुमी कामून माफी मागायला? तुमी काय केलंय?" राजेश्री म्हणाली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. "मॅडम, मला ठाऊक हाय ते न्हाईत. मला खूळ लागलेलं न्हाई. पण गावात सगळ्यांना ठाऊक हाय, म्हणून कुणी माझ्यापुढं नाव काढत न्हाई. ह्या फोनमधल्या बाईला ठाऊक न्हाई, म्हणून ती काढते. तेवढी एक जागा असू द्या."

आतून बसम्मा म्हणाल्या, "असू दे गं. देवाचं नाव घ्यायला तरी आपण कुठं देव बघितलेला असतो."

"पण आई, परीक्षेत घरच्यांबद्दल विचारतील," स्वप्ना म्हणाली. "तिथं खरं सांगावं लागंल. ताई, ते तुमाला सांगता आलं पायजे. दुसरं कुणी न्हाई सांगणार तुमच्याकडून."

राजेश्रीनं मान हलवली. होय म्हणून हलवली का नाही म्हणून, ते कळलं नाही.

स्वप्नानं ते ॲप राजेश्रीच्या फोनवरही घालून दिलं होतं. घरी कामं आवरली की ती चुलीपुढं बसून गोष्ट वाचायची आणि मग फोनला मोठ्यानं वाचायला लावून उच्चार ऐकायची. आवाज अगदी बारीक ठेवायची. एक दिवस तो बारीक ठेवायचा राहिला.

दिवेलागण झाली होती. तानुबाई अंगणात हरभऱ्याचे घाटे सोलत बसल्या होत्या. आतून परक्या बाईचा आवाज आला, भरभर काही तरी इंग्रजी, आणि त्यात मधेच 'सूर्यभान'. पुन्हा काही तरी इंग्रजी, पुन्हा 'सूर्यभान'.

तानुबाईंचा हात थांबला. त्या उठल्या, पदरातले घाटे अंगणात सांडले तसेच राहिले, आणि त्या मारुतीच्या पाराकडं निघून गेल्या. राजेश्रीनं दारातून त्यांची पाठ बघितली. त्या उशिरा परत आल्या. जेवल्या, हात धुतले, आडव्या झाल्या. राजेश्रीनं फोन फळीवर ठेवून दिला आणि ठरवलं, आता घरात नाही लावायचा.

दुसरा दिवस तसाच गेला. संध्याकाळी तानुबाई चुलीजवळ येऊन बसल्या, काटकी मोडत म्हणाल्या, "आज न्हाई का बोलायली ती बाई?"

"बंद केलंय, आत्याबाई."

"कामून?"

राजेश्रीनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"काय म्हणायली होती काल? माझ्या लेकराचं नाव घेऊन काय सांगायली होती?"

मग राजेश्रीनं सांगितलं. की ते घरी आले. मोटार भरून थकले होते. दूध प्याले. आईनं त्यांना मिठी मारली.

"मिठी?" तानुबाईंनी काटकी खाली ठेवली. "मी कधी गळ्यात पडले गं त्याच्या? एवढ्या मोठ्या गड्याच्या?" आणि त्या हसल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावला आणि पदराआडून पुन्हा हसल्या. "लय खोटारडी हाय तुझी बाई."

"मग काय करायच्या तुमी, सांगा. तिला सांगते मी."

"अलाबला घ्यायचे. दुसरं काय."

दोन्ही हात लेकराच्या तोंडावरून फिरवायचे आणि आपल्या कानशिलावर नेऊन बोटं मोडायची, म्हणजे त्याची पीडा आपल्याकडं यावी. सूर्यभानच्या कपाळावर आठ्या पडायच्या आणि तरी तो मान खाली करून उभा राहायचा, कारण उंच होता आणि आईचा हात पोहोचायचा नाही. राजेश्रीनं फोनला अलाबलाचं इंग्रजी विचारलं. फोननं मोठं स्पष्टीकरण दिलं, पण शब्द दिला नाही. असा एकच शब्द इंग्रजीत नाही म्हणाला.

"न्हाई तर न्हाई," तानुबाई म्हणाल्या. "तू सांग जसं जमंल तसं. आणि गोडीशेव सांगितलीस का तिला? बाजारातनं आणायचा, उतरंडीत लपवायचा, आणि मला म्हणायचा, घरात मुंग्या कशाला झाल्यात बघ."

गोडीशेवही सांगितली. त्या दिवसापासून चुका काढायला दोघी झाल्या. तानुबाई मराठीत चूक काढायच्या, राजेश्री ती इंग्रजीत न्यायची. दोघीही त्याचं नाव घेत नव्हत्या. एक म्हणायची 'हे', दुसरी म्हणायची 'माझं लेकरू'. नाव घ्यायचं काम त्या फोनमधल्या बाईकडं होतं.

तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी शिकवणीत स्वप्नानं सगळ्यांकडून बोलून घेतलं. राजेश्री छान बोलली. अलाबला तर तिनं हात करून दाखवत सांगितली. 'मदर. बोथ हँड्स. फेस. देन हर हेड. फिंगर्स, कट कट.' स्वप्नानं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती फक्त म्हणाली, "ताई, आणि ते शेवटचं, खरं सांगायचं?"

घरी येताना जीपमध्ये राजेश्रीनं मनातल्या मनात पोखर्णीच्या नरसिंहाला हात जोडले. दरवर्षी जत्रेला सूर्यभान तिला मोटारसायकलवर घेऊन जायचा, गर्दीत हरवू नये म्हणून तिच्या पदराची गाठ आपल्या पिशवीच्या बंदाला मारायचा. देवा, आता एवढी गाठ मला सोडवू दे, असं काहीसं ती म्हणाली असेल. देवाशी तिचं बोलणं मात्र कधी आटलं नव्हतं.

घरी तानुबाई शेजारी गेल्या होत्या. राजेश्री खुंटीवरच्या पिशवीखाली बसली. ते शेवटचं वाक्य एकदा तरी कुणाला तरी म्हणून बघायला हवं होतं. माणसाला म्हणायचं तर माणसाला आधीच ठाऊक. ज्याला ठाऊक नाही असं एकच होतं. तिनं फोन तोंडाजवळ धरला.

"सूर्यभान इज नो मोअर," ती म्हणाली. "थ्री इयर्स. फीवर."

फोननं एक क्षणही घेतला नाही. वाईट वाटलं म्हणाला, सोप्या दोन ओळींत. इतके दिवस त्यांना जिवंत धरून लिहिलं, चूक झाली म्हणाला. पुढं आठवणी म्हणून लिहू का, की ते नसलेली गोष्ट लिहू, असंही विचारलं. राजेश्रीनं ते दोनदा वाचलं.

हिलाही कळलं, तिला वाटलं. आता कुणी उरलं नाही.

स्वप्नानं एकदा सांगितलं होतं की वरचं 'नवीन चॅट' दाबलं की मागचं ती विसरते, पाटी कोरी होते. राजेश्रीचं बोट त्या जागेवर गेलं. दाबलं असतं तर सूर्यभान परत थकून घरी आला असता. परत चहा प्याला असता आणि तिनं परत म्हटलं असतं, नो टी. बोट तसंच राहिलं थोडा वेळ. मग अंगणात तानुबाईंची चप्पल वाजली आणि तिनं फोन फळीवर ठेवला. नवीन चॅट दाबलं नाही.

परीक्षक बाहेरगावचे होते. वयस्कर, कानाला मफलर, समोर चहाचा कप. त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं. राजेश्रीनं सांगितलं. "टेल मी अबाउट युवर फॅमिली," ते म्हणाले.

आणि तिचं तोंड मिटलं. सगळे शब्द होते, ओठापर्यंत होते, पण ओठ उघडेनात. सर वाट बघत होते. भले माणूस असावेत. तिला मदत व्हावी म्हणून त्यांनी हॉलतिकिटावरचं नाव वाचलं.

"सूर्यभान," ते म्हणाले. "युवर हजबंड. व्हॉट डज ही डू?"

राजेश्रीनं वर बघितलं. फोनमधल्या बाईची जी चूक, तीच ह्या सरांची. ह्यांनाही ठाऊक नव्हतं. 'ही रिपेअर्स मोटर्स' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. सगळं पाठ होतं. सूर्यभान अजून एका माणसापुढं जिवंत राहिला असता आणि गुणही मिळाले असते.

"सर, ही इज नो मोअर," ती म्हणाली.

सर एकदम ओशाळले. "ओह. सॉरी, सॉरी." आणि मग मराठीतच म्हणाले, "राहू द्या बाई. दुसरं विचारतो. तुमच्या गावाबद्दल सांगा."

गावातला प्रत्येक माणूस असाच तर विषय बदलत होता, तीन वर्षं.

"नो सर," राजेश्री म्हणाली. "आय विल टेल."

आणि तिनं सांगितलं. ते मोटारी दुरुस्त करायचे. तांब्याची तार. नखात तांबं. ते चहा घ्यायचे नाहीत, दूध आणि गूळ. आईसाठी गोड खाऊ आणायचे आणि मडक्यांत लपवायचे. वाक्यं मोडकी होती, मधे मधे थांबत होती, पण थांबून परत निघत होती. आई अलाबला घ्यायची ते सांगताना शब्द कमी पडले तेव्हा तिनं दोन्ही हात पुढं केले आणि कानशिलावर नेऊन बोटं मोडली.

सरांनी पेन खाली ठेवलं होतं. "माय मदर आल्सो," ते म्हणाले. त्यापुढं त्यांनी काही विचारलं नाही.

उन्हाळ्यात निकाल लागला, ती पास झाली, आणि आज अंगणवाडीत खिचडी दुसरी बाई शिजवते, हे गावाला ठाऊकच आहे. पण तो परीक्षेचा दिवस अजून पुरता सांगून झाला नाही.

राजेश्री घरी आली तेव्हा तानुबाई ओट्यावरच बसल्या होत्या. जेवल्या नव्हत्या.

"उघडलं का तोंड?"

"उघडलं."

"काय इचारलं?"

"ह्यांच्याबद्दल."

तानुबाईंनी जागा करून दिली. राजेश्री शेजारी बसली. तानुबाई म्हणाल्या, "नाव घेतलंस?"

"सरांनी घेतलं आधी. मग मी सांगितलं."

"मग तूच घे की एकदा. माझ्यापुढं. त्या बाईच्या तोंडून ऐकू ऐकू मी बेजार झालेय, तिला सूर्य म्हणता येत न्हाई नीट."

राजेश्रीला हसू आलं. सासूपुढं नवऱ्याचं नाव तिनं लग्नात घेतलं होतं, घास भरवताना, तेही पाठ केलेल्या उखाण्यात. आता उखाणा आठवेना. तिनं दाराच्या खुंटीकडं बघितलं, पिशवीकडं.

"सूर्यभान चहा पीत न्हाईत," ती म्हणाली.

"व्हय," तानुबाई म्हणाल्या. "ल्हानपणी एकदा दिला होता मी. सूर्यभाननं गुळणी करून टाकली, माझ्या नव्या लुगड्यावर." आणि त्यांनी दोन्ही हात सुनेच्या तोंडावरून फिरवले, कानशिलावर नेले आणि बोटं मोडली.